कच्चा लिंबू किती कच्चा? गोल्फचा हँडिकॅप आणि माझे बारा फटके

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे, फक्त वाचायला अडखळू नये म्हणून काही वाक्यं थोडी नीट केली आहेत.)

आज जरा वेगळा विषय आहे. गोल्फ. थांबा, थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका! गोल्फ खेळत नसलात तरी चालेल, कारण आजचा प्रश्न आपण सगळ्यांनी लहानपणी सोडवलेला आहे.

आठवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाहीतर वाड्याच्या अंगणात लपंडाव चालू आहे. कुणाचा तरी पाच वर्षांचा भाऊ येतो आणि रडून रडून खेळात घुसतो. मग काय ठरतं? ‘हा कच्चा लिंबू.’ म्हणजे त्याच्यावर राज्य येणार नाही. तो पळेल, ओरडेल, खूश होईल, पण त्याचं आउट होणं मोजायचं नाही.

गोल्फने याच कच्च्या लिंबाचं गणित केलंय. कोण किती कच्चा, हे दशांश चिन्हापर्यंत काढलंय. त्या आकड्याला हँडिकॅप म्हणतात. त्याच्यामुळे पंचविशीतली नवशिकी मुलगी आणि तीस वर्षं खेळणारे आजोबा एकाच स्पर्धेत उतरू शकतात, आणि निकाल शेवटच्या होलपर्यंत अडकून राहू शकतो. दुसऱ्या किती खेळांत हे जमतं, सांगा बरं?

पण हा आकडा प्रामाणिक राहावा म्हणून तुमच्या स्कोअरमध्ये दुरुस्त्या केल्या जातात. त्यातली एक दुरुस्ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, ही तर सरळ सरळ चिटिंग आहे. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

बाराचे सात

ऑफिसच्या मेंबरशिपमुळे मला गोल्फ खेळायला मिळतं. तीन वर्षं झाली. फार भारी खेळत नाही. आमच्या कोर्सवर महिन्यातून एकदा स्पर्धा असते. त्या दिवशी अकरा होल माझे मस्त गेले होते. मग आलं तळं.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रत्येक होलला एक ‘पार’ असतो, म्हणजे उत्तम खेळाडूने किती फटक्यांत बॉल होलमध्ये घालावा तो आकडा. पारपेक्षा एक फटका जास्त लागला की बोगी, दोन जास्त लागले की डबल बोगी. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं. झालं, एवढं पुरे.

तर हा होल पार चारचा. पहिला फटका तळ्यात. एक पेनल्टी, दोन. तिसरा फटका तळ्यात. पेनल्टी, चार. पाचवाही तळ्यात! पेनल्टी, सहा. सातवा तळं ओलांडून थेट वाळूच्या बंकरमध्ये. आठवा मारला, बॉल बंकरमध्येच. नवव्याला ग्रीनवर आले. मग तीन पट. बारा.

माझ्याबरोबर कार्ड लिहायला एक काका होते. निवृत्त बँक अधिकारी, आकड्यांच्या बाबतीत एकदम कडक. मी म्हटलं, “काका, बारा.” ते म्हणाले, “माझेही बाराच झाले मोजून,” आणि लिहिलं. उरलेले सहा होल पुन्हा चांगले गेले. एकूण ९९.

घरी आल्यावर अ‍ॅपवर प्रत्येक होलचा स्कोअर भरला. सबमिट केलं आणि बघते तर काय, माझ्या ९९चे ९४ झाले होते! तळ्याच्या होलसमोर बाराच्या जागी सात.

मी घाबरले. खरंच घाबरले. कारण कमी स्कोअर म्हणजे चांगला स्कोअर, आणि मी न मारलेला चांगला स्कोअर माझ्या नावावर लागत होता. आणि मला एवढी भीती का वाटली, ते सांगायला सहा महिने मागे जावं लागेल.

ट्रॉफी

सहा महिन्यांपूर्वी माझा हँडिकॅप इंडेक्स होता २९.६. तेव्हाच्या मासिक स्पर्धेत मी ९३ मारले. माझ्यासाठी स्वप्नातला स्कोअर. त्यातून हँडिकॅपचे २९ वजा झाले, नेट ६४. आमच्या कोर्सचा पार ७१. म्हणजे हिशेबाने मी पारच्या सात खाली. पहिली आले. ट्रॉफी, गिफ्ट व्हाउचर, फोटो, स्टोरी, सगळं झालं. दुसरे आले होते हेच काका. पाच फटक्यांनी मागे. त्यांनी हात मिळवला, “छान खेळलीस गं” म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे कॅडी मामा भेटले. कॅडी म्हणजे तुमची बॅग घेऊन तुमच्याबरोबर चालणारा माणूस. पण खरं तर तो तुमचा पंच असतो, कोच असतो आणि साक्षीदारही असतो. मामा म्हणाले, “ताई, अभिनंदन. पण ते एकोणतीस काय मला पटत नाही.”

“म्हणजे?”

“संध्याकाळी मैत्रिणीबरोबर नऊ होल मारता ना, तेव्हा बॅग मीच धरतो. तिथं तुम्ही एकोणतीसच्या नसता.”

मी गप्प. कारण ते खरं होतं. संध्याकाळचे ते नऊ-नऊ होल आम्ही पूर्ण नियमांनी खेळायचो आणि स्कोअरही लिहायचो. पण मी तो सिस्टममध्ये भरत नव्हते. का? पहिलं कारण आळस. दुसरं म्हणजे, ‘ही तर प्रॅक्टिस’ असं मी स्वतःला सांगायचे. पण रविवारी वाईट खेळले की मात्र कार्ड न चुकता भरायचे. त्यातलं पॅटर्न मला दिसत नव्हतं असं म्हणणार नाही. दिसत होतं. हँडिकॅप जास्त राहिला की बरं वाटायचं. वाईट खेळण्याची परवानगी असल्यासारखं.

इंग्रजीत याला सँडबॅगिंग म्हणतात. मी ठरवून केलं नव्हतं. पण काकांच्या पाच फटक्यांना त्याने काय फरक पडतो?

आता बघा, हा अनुभव गाठीशी असताना अ‍ॅप माझ्या बाराचे सात करतंय. माझ्या डोक्यात पहिला विचार आला, पुन्हा काहीतरी चुकतंय. मी लगेच काकांना फोन लावला. ते हसले आणि म्हणाले, “अगं, उलटं आहे. ते सात तुझ्या फायद्याचे नाहीत, माझ्या फायद्याचे आहेत. उद्या ये, कागदावर दाखवतो.”

टोपीत हात

कागदाकडे जायच्या आधी एक छोटासा इतिहास. दोनच मिनिटं.

हँडिकॅप हा शब्द ‘हँड इन कॅप’, म्हणजे टोपीत हात, यावरून आला. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता. माझ्याकडे घोडा, तुमच्याकडे गाय. दोन्हींच्या किमतीत फरक किती, हे तिसरा माणूस ठरवायचा. सौदा मान्य आहे की नाही हे टोपीत हात घालून, मग बाहेर काढून दाखवायचं. म्हणजे मूळ अर्थ काय? तिसऱ्या तटस्थ माणसाने ठरवलेला फरक.

तिथून शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला. मुंबईत महालक्ष्मीला आजही हँडिकॅप शर्यती होतात. जो घोडा जोरदार, त्याच्या पाठीवर जास्त वजन. गोल्फमध्ये याच्या उलट करतात. चांगल्यावर ओझं टाकण्याऐवजी कच्च्याला फटक्यांची सूट देतात.

आणि आता मैत्रिणींनो, तुमच्यासाठी. ब्रिटनमध्ये लेडीज गोल्फ युनियन स्थापन झाली १८९३ साली. तिच्या पहिल्या सेक्रेटरी होत्या इसेट पिअर्सन. सगळ्या क्लबांतल्या बायकांसाठी एकसारखी हँडिकॅप पद्धत असावी, यासाठी या बाईंनी अक्षरशः हात धुऊन पाठपुरावा केला. अमेरिकेत लेटन कॅल्किन्स यांच्या कामावर आधारलेली पद्धत तिथल्या गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, १९११ साली स्वीकारली. त्यातली कल्पना अशी की सगळ्या स्कोअरची सरासरी घ्यायची नाही, फक्त चांगल्या स्कोअरची घ्यायची. ही कल्पना लक्षात ठेवा, ती लागणार आहे.

पुढे वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळ्या पद्धती काढल्या. मोठ्या अशा सहा होत्या. एका देशातला १८ दुसऱ्या देशात १८ राहीलच असं नव्हतं. शेवटी यूएसजीए आणि आर अँड ए या दोन संस्थांनी मिळून २०२० पासून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टम आणली. बाई असो की पुरुष, सर्वांत जास्त हँडिकॅप इंडेक्स ५४.०. म्हणजे अगदी कोरा कच्चा लिंबूही आता यात बसतो.

काकांचा कागद

आता कागद-पेन घ्या. बसमध्ये असाल तर नुसतं ऐका, आकडे सोपे आहेत.

काकांनी कागदावर दोन संख्या लिहिल्या. आमच्या कोर्सवर मी जिथून खेळते त्या टीचं कोर्स रेटिंग ७०.४ आणि स्लोप १२०.

कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपच्या उत्तम खेळाडूला या कोर्सवर साधारण किती फटके लागतील. स्लोप म्हणजे हाच कोर्स साध्या खेळाडूला त्या उत्तम खेळाडूच्या तुलनेत किती जास्त छळतो. तळं आहे, तर उत्तम खेळाडू ते सहज ओलांडतो. माझ्यासाठी ते तळं म्हणजे... ऐकलंच तुम्ही. स्लोप ५५ ते १५५ असतो आणि मधला, प्रमाण मानलेला आकडा ११३. ही स्लोपची कल्पना डीन क्नुथ या अमेरिकन गृहस्थांनी मांडली.

माझा तेव्हाचा इंडेक्स २५.४. २९.६ वरून तिथे कसा आला ते नंतर सांगते. त्याला १२० भागिले ११३ ने गुणा आणि कोर्स रेटिंग आणि पारमधला फरक मिळवा. इथे तो उणे ०.६ आहे. उत्तर येतं साधारण २६. हा माझा कोर्स हँडिकॅप. या कोर्सवर मला २६ फटक्यांची सूट.

होल अठरा, सूट सव्वीस. मग वाटायची कशी? प्रत्येक होलला अवघडपणाचा क्रम दिलेला असतो, त्याला स्ट्रोक इंडेक्स म्हणतात. आधी प्रत्येक होलला एक सूट, अठरा संपल्या. उरलेल्या आठ सगळ्यांत वरच्या आठ होलना. म्हणजे तिथे दोन-दोन. आमच्या तळ्याच्या होलचा क्रम बारावा, तिथे मला एक सूट.

आता मुख्य नियम ऐका. हँडिकॅपच्या हिशेबासाठी कुठल्याही होलला जास्तीत जास्त किती फटके धरायचे? पार, अधिक दोन, अधिक त्या होलला मिळालेली सूट. याला नेट डबल बोगी म्हणतात. तळ्याचा होल पार चार. चार अधिक दोन अधिक एक, सात. बाराचे सात असे झाले.

ज्या होलला दोन सूट आहेत, तिथे पार चारला माझी मर्यादा आठ. पार तीनच्या सोप्या होलला सहा. माझ्या जागी शून्य हँडिकॅपचा खेळाडू असेल तर पार चारला त्याची मर्यादा फक्त सहा. आणि ज्याचा अजून हँडिकॅपच झालेला नाही, त्याला प्रत्येक होलला पार अधिक पाच.

अमेरिकेत २०१९ पर्यंत याहून ढोबळ पद्धत होती. कोर्स हँडिकॅप १० ते १९ असेल तर कुठल्याही होलला जास्तीत जास्त ७, आणि २० ते २९ असेल तर ८. पण मग पार तीनच्या होललाही आठ आणि पार पाचच्या होललाही आठ! एका ठिकाणी पारच्या वर पाच फटके चालणार, दुसऱ्या ठिकाणी तीनच. नेट डबल बोगीत हा घोळ नाही, कारण ती त्या होलचा पार आणि अवघडपणा दोन्ही बघते.

तुमच्यापैकी कुणी स्टेबलफोर्ड खेळत असेल तर नेट डबल बोगी म्हणजे बरोब्बर शून्य गुण. डॉक्टर फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या पद्धतीची स्पर्धा इंग्लंडमध्ये वॉलेसीला १९३२ साली झाली होती. एक होल वाईट गेला म्हणून माणसाचा सगळा दिवस वाया जाऊ नये, हाच विचार त्यातही आहे.

बारा फटक्यांमागे लपलेले सतरा होल

इथपर्यंत मी काकांना म्हणत होते, “काका, नियम कळला. पण मी तर खरंच बारा मारले ना? मग सात लिहिणं खोटं नाही का?”

काका म्हणाले, “स्पर्धेत तुझे किती धरले?”

“बाराच. एकूण ९९, नेट ७४.”

“मग तिथं कुणी काही खोटं केलेलं नाही. स्पर्धेत काय घडलं ते मोजतात. हँडिकॅपमध्ये तू काय करू शकतेस ते मोजतात. प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरं वेगळी.”

मग त्यांनी दोन ओळी लिहिल्या.

दिवसाचा हँडिकॅपसाठीचा आकडा, ज्याला स्कोअर डिफरन्शियल म्हणतात, असा काढतात. स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करा, मग ११३ भागिले स्लोपने गुणा.

पहिली ओळ, दुरुस्तीशिवाय. ९९ वजा ७०.४ म्हणजे २८.६. गुणिले ११३, भागिले १२०. उत्तर २६.९.

दुसरी ओळ, दुरुस्तीसह. ९४ वजा ७०.४ म्हणजे २३.६. उत्तर २२.२.

माझा इंडेक्स किती होता? २५.४. म्हणजे २६.९ धरलं तर मी त्या दिवशी ‘नेहमीपेक्षा वाईट’ खेळले. २२.२ धरलं तर ‘नेहमीपेक्षा तीन फटके चांगलं’ खेळले. खरं काय? सतरा होल मी माझ्या आयुष्यातलं जवळजवळ सर्वोत्तम खेळले होते. एका तळ्याने ते सगळे सतरा होल झाकून टाकले असते.

आणि इथेच कॅल्किन्स यांची कल्पना येते. हँडिकॅप इंडेक्स म्हणजे शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठ आकड्यांची सरासरी. वाईट बारा तो बघतच नाही. माझ्या आठांतला शेवटचा होता २६.८. दुरुस्ती नसती तर २६.९ आठांत आलाच नसता. इंडेक्स २५.४ राहिला असता. दुरुस्तीमुळे २६.८ बाहेर गेला, २२.२ आत आला आणि इंडेक्स झाला २४.८.

बघा ना, बाराचे सात केल्यामुळे माझी सूट वाढली नाही. कमी झाली! पुढच्या स्पर्धेत काकांसमोर मला कमी फटके मिळणार. काका फोनवर जे म्हणाले होते ते हेच.

आता कल्पना करा, ही मर्यादा नसेल तर काय होईल. एखादा हुशार माणूस अठराव्या होलला आला. छान खेळलाय, हँडिकॅप उतरणार हे त्याला दिसतंय. मग मुद्दाम चार बॉल पाण्यात घातले की काम झालं. दिवस खराब दिसेल, सूट तशीच राहील. मर्यादा हे दार बंद करते. एका होलवर तुम्ही कितीही उधळलंत तरी बाकीच्या सतरा होलचं खरं बाहेर येतंच.

आणखी एक फायदा. मित्रांबरोबर साधी फेरी खेळताना नेट डबल बोगी गाठली की बॉल उचलून पुढे चालू लागायचं. मागे थांबलेले लोक तुम्हाला दुवा देतील.

आकडा पकडतो, पण सगळं नाही

बरं, मग मी २९.६ च्या हँडिकॅपवर ट्रॉफी घेतली, तेव्हा ही सिस्टम झोपली होती का?

नाही. ९३ चं डिफरन्शियल आलं २१.३. म्हणजे इंडेक्सपेक्षा ८.३ ने चांगलं. फरक ७.० ते ९.९ असला की सिस्टम आपोआप इंडेक्समधून आणखी एक फटका कापते. फरक १० किंवा जास्त असला तर दोन. तर माझा एक कापला गेला.

उलट्या दिशेलाही लगाम आहे. वर्षभरातल्या तुमच्या सर्वांत कमी इंडेक्सपेक्षा आकडा तीनच्या वर चढायला लागला की वरची वाढ निम्मीच धरतात, आणि पाचच्या वर तर जाऊच देत नाहीत. म्हणजे दोन महिने मुद्दाम वाईट खेळून मोठी सूट कमावता येत नाही. त्या दिवशी सोसाट्याचा वारा असेल, सगळ्यांचेच स्कोअर बिघडले असतील, तर तेही त्या दिवसाच्या सगळ्यांच्या आकड्यांवरून ओळखून हिशेबात घेतलं जातं. मला हे सगळं फार आवडतं, कारण पावसाने अडवलेल्या क्रिकेट मॅचमध्ये डकवर्थ-लुईसवर भांडणारे आपण, इथे रोजच्या रोज असं गणित होतं आणि कुणी ओरडत नाही.

पण माझ्या संध्याकाळच्या कार्डांचं काय? जी फेरी मी भरलीच नाही, ती कुठल्या सूत्राला दिसणार? सिस्टमने माझा एक फटका कापला. खरा फरक चारच्या आसपास होता. मधले तीन फटके कुणाला माहीत होते? मला आणि कॅडी मामांना.

मामांनी सांगितलं त्या दिवशी मी दुपारपर्यंत रागातच होते. यांना काय करायचंय, वगैरे. मग संध्याकाळी फोनमधल्या नोट्स काढल्या. नऊ-नऊ होलचे स्कोअर तारखांसकट पडले होते. नऊ होलच्या फेऱ्याही हँडिकॅपसाठी धरता येतात, हे मला माहीत होतं. ‘माहीत नव्हतं’ म्हणायचीही सोय नव्हती.

हँडिकॅप कमिटीच्या सरांना भेटले आणि सगळं सांगितलं. मैत्रीण साक्षीला होती. त्यांनी ती कार्डं भरून घेतली. फार बोलले नाहीत, एवढंच म्हणाले की स्पर्धेचा निकाल लागून गेलाय, तो बदलत नाही. काही आठवड्यांत माझा इंडेक्स २५.४ वर आला. मी व्हाउचर घेऊन काकांकडे गेले. त्यांनी घेतलं नाही. चहा मागवला आणि मला विचारलं, “लहानपणी कच्चा लिंबू होतीस कधी?”

“होते की. सगळेच असतात.”

“कधी बंद झालं ते आठवतं?”

मला नाही आठवलं. ते म्हणाले, “मला आठवतं. माझ्या धाकट्या भावाने एक दिवस स्वतःच सांगितलं, आजपासून माझ्यावर पण राज्य. आम्ही कुणी त्याला म्हटलं नव्हतं. आम्हाला काय, तो कच्चा राहिला तरी चाललं असतं. पण त्याला कळलं होतं की आता तो पळू शकतो.”

एवढंच बोलले. ट्रॉफी माझ्याकडेच आहे. कपाटात, मागच्या रांगेत. टाकून दिली नाही, कारण ती दिसली की कार्ड भरायची आठवण होते.

जाता जाता, कामाच्या चार गोष्टी

तुम्ही गोल्फ सुरू करत असाल, आणि आजकाल रेंजवर तुमच्या वयाचे बरेच जण दिसतात, तर एवढं करा.

एक. हँडिकॅप काढायला ५४ होलांचे स्कोअर पुरतात. अठरा होलच्या तीन फेऱ्या, किंवा नऊ-नऊच्या सहा. खेळ ‘चांगला होईपर्यंत’ थांबू नका. हँडिकॅप हा बक्षीस नाही, तो पत्ता आहे. तुम्ही आज कुठे उभे आहात तेवढंच तो सांगतो.

दोन. होलवार स्कोअर भरा, नुसता एकूण नको. एकूण ९९ भरले असते तर अ‍ॅपला तळं दिसलंच नसतं. दुरुस्ती होलवार आकड्यांवरच होते. बाराचे सात करायचं काम तुमचं नाही, खरे बारा सांगायचं काम तुमचं.

तीन. साध्या फेरीत एखादा होल अर्धवट सोडलात, मित्राने “जाऊ दे, दिला तुला” म्हणून शेवटचा पट माफ केला, तर मनाला येईल तो आकडा टाकू नका. बॉल होलपासून पाच फुटांच्या आत असेल तर झालेल्या फटक्यांत एक मिळवा. पाच फूट ते वीस यार्डांमध्ये असेल तर दोन किंवा तीन. त्याहून लांब असेल तर तीन किंवा चार. अर्थात नेट डबल बोगीच्या वर जायचं नाही.

चार, आणि हेच सगळ्यांत महत्त्वाचं. चांगलं कार्डही भरा आणि वाईटही भरा. नियमाने खेळलात, बरोबर कुणी होतं, तर ती फेरी भरायचीच. काही जण माझ्या उलट करतात. फक्त चांगली कार्डं भरतात, म्हणजे पार्टीत ‘माझा बारा आहे’ असं सांगता येतं. मग स्पर्धेत दर महिन्याला हरतात. ते फसवतात स्वतःला, मी फसवत होते काकांना. आकडा दोन्हीकडे खोटाच.

आणि त्या दिवशी तळ्यावर काकांनी माझं कार्ड कसं लिहिलं ते मला अजून आठवतं. माझ्यावर भरवसा होता असं मी म्हणणार नाही. “माझेही बाराच झाले मोजून,” म्हणाले. म्हणजे तेही मोजत होते! टोपीत हात घालणाऱ्या त्या जुन्या खेळात जसा तिसरा माणूस लागायचा, तसा इथेही लागतो. कधी ते सूत्र असतं, कधी मार्कर, कधी बॅग धरणारे मामा. पण तिघांनाही खरा आकडा आपल्याकडूनच मिळायला हवा.

गेल्या रविवारी पुन्हा स्पर्धा झाली. माझा इंडेक्स २४.८. काकांनी मला दोन फटक्यांनी हरवलं. तळं? एका फटक्यात ओलांडलं, धन्यवाद. मग पलीकडे जाऊन चार पट मारले. ते पण भरलेत.

तर मंडळी, आजच्यासाठी एवढंच. तुमच्या गल्लीत कच्च्या लिंबाला काय म्हणायचे आणि त्याची बढती कशी व्हायची, ते मला व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवेन. तोवर खेळत राहा, मोजत राहा. भेटू लवकरच!